आण्णांचं नाक आणि धारोष्ण दूध

मला खोली भाड्यानं देण्याआधी घरमालकानं माझा वास घेतला. मी थट्टा करत नाही. साताऱ्याहून दोन एसट्या बदलून, आष्ट्याच्या अलीकडच्या त्या गावात मी बॅग खाली ठेवली आणि नमस्कार केला. समोर साठी ओलांडलेले, लेंगा आणि बंडीतले एक गृहस्थ उभे होते. नमस्काराला उत्तर न देता ते माझ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून थांबले. डोळे मिटले. दोनदा छोटं हुंगलं, एकदा मोठं. मग डोळे उघडून निकाल सांगितला.

"एसटीत शेजारी शेरडं घेतलेली म्हातारी व्हती. वाटेत भडंग खाल्लं. बिडी-सिग्रेट न्हाई. अंघोळ सकाळी केली, पन घाईत केली. पास!"

म्हातारी होती. भडंग खाल्लं होतं. अंघोळीबद्दल मी काही बोलणार नाही.

"आणि नापास झालो असतो तर?" मी विचारलं.

"परत," घरमालक आण्णा म्हणाले. "पास न्हाईतर परत. तिसरं काय नसतंया, सातारकर."

त्या दिवसापासून मी सातारकर झालो. शाळेतली पोरं मला सर म्हणत, हेडमास्तर आडनावानं बोलवत, पण आण्णांनी चार वर्षांत माझं नाव एकदाही उच्चारलं नाही. त्यांना गरजच नव्हती. मी फाटकातून आत आलो की पायरीवर पाठमोरे बसलेले आण्णा म्हणत, "या सातारकर. आज खडू लय झाडलाय."

आण्णांनी उभा जन्म एका डेअरीच्या धक्क्यावर काढला होता. गावोगावचे दुधाचे कॅन ट्रकमधून धक्क्यावर उतरत. आत प्रयोगशाळा होती, काचेच्या नळ्या होत्या, फॅट काढायचं यंत्र होतं. पण त्या सगळ्याच्या आधी आण्णा होते. कॅनचं झाकण उचलायचं, उलटं करून नाकाला लावायचं आणि चालत चालत ओरडायचं: पास, पास, पास, परत. झाकणाला चिकटलेल्या वाफेत दुधाची सगळी कुंडली असते, असं ते म्हणत. म्हशीनं कांद्याची पात खाल्ली की कळतं. कालचं दूध आजच्यात मिसळलं की कळतं. कॅन धुताना सोडा राहिला की कळतं. एकदा म्हणे त्यांनी एका कॅनवर "परत" म्हटलं, आणि कारण विचारल्यावर सांगितलं, "ह्या घरात काल भांडान झालंय. दूध तापवायचं सोडून तसंच ठेवलं रातभर." चौकशी केली तर नवरा-बायकोत खरोखर भांडण झालेलं. हे मला सांगणारे आण्णाच होते, तेव्हा तुम्ही यातलं काय घ्यायचं ते घ्या.

निवृत्त झाल्यावर धक्का सुटला, सवय सुटली नाही. पेपर आला की आधी हुंगायचे, मग वाचायचे. पोस्टमनचं पाकीट हुंगायचे. मुलं पुण्याला, बायको आधीच वारलेली, त्यामुळे घरात अडवणारं कुणी नव्हतं. गावात लग्न ठरवायला पाहुणे येणार असले की आण्णांना मुद्दाम बैठकीत बसवत. ते काही बोलत नसत, पण पाहुणा चपला काढून आत आला की त्यांचं डोकं किंचित मागं जायचं, आणि पाहुण्याला सुपारीचं व्यसन की दुसरं कसलं, ते मुलीच्या बापाला समजायचं. एका नवरदेवानं म्हणे त्यांना टाळायला अंगावर अत्तराची आख्खी बाटली रिकामी केली. "त्येवडं अत्तर चोरालाच लागतं," म्हणून आण्णांनी त्याला तिथल्या तिथं परत पाठवला.

माझ्या स्वयंपाकावर तर त्यांची रोज हजेरी असायची. मी खोलीच्या मागच्या बाजूला गॅसवर काहीबाही शिजवायचो आणि ते पुढच्या पायरीवरून, मान न वळवता, जाहीर करायचे. "मेथी. लसून जास्त." "वरन. हिंग इसरला." विसरलेलोच असायचो. मी उठून हिंग घालायचो आणि पायरीवरून आवाज यायचा, "आता बरं हाय."

मग करोना आला. दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही एकाच आठवड्यात आडवे झालो. दोघांच्यामध्ये एक भिंत होती, आणि भिंतीला ठोकून एकमेकांची खबर घ्यायचो. माझा वास गेला आणि पंधरा-वीस दिवसांनी उदबत्तीच्या धुरातून परत आला. मी धावत पायरीवर गेलो.

"आण्णा, माझा वास आला! तुमचा?"

"माजा कवा गेलता?" आण्णा म्हणाले.

त्यांनी ते इतक्या तुच्छतेनं म्हटलं की मला माझ्याच नाकाची लाज वाटली.

पण त्यानंतर बारीकसारीक गोष्टी माझ्या डोळ्यांत भरायला लागल्या. आण्णा जेवणाबरोबर मिरचीचा ठेचा वाढत्या प्रमाणात खाऊ लागले. एकदा गॅसवर चहा उतू जाऊन जळाला, ते शेजारीच बसून पेपर वाचत होते. आणि पायरीवरची जाहीर हजेरी चालूच होती, पण ती आता जरा उशिरा यायची. मी भाजी चिरून साली मागच्या बादलीत टाकल्या, आण्णा पाय मोकळे करायला मागं एक चक्कर मारून आले, की मग यायची.

मी शिक्षक आहे. कॉपी करणारं पोरगं मला पाठीवरूनही ओळखू येतं.

एका गुरुवारी मी डाव टाकला. आण्णांचा गुरुवार कडक. घरात अंडंसुद्धा चालत नसे. मी बाजारातून मटार आणले, सोलले, दाणे डब्यात बंद केले आणि टरफलं बादलीत टाकली. मग दारं-खिडक्या उघडून कढईत सुके बोंबील परतायला घेतले. ज्यांनी सुके बोंबील परतलेले आहेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांनी नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. समोरच्या घरातल्या मांजरानं भिंतीवर उडी मारली. रस्त्यानं चाललेल्या एका माणसानं सायकल थांबवून आमच्या घराकडं बघितलं. मी श्वास रोखून पायरीकडं कान लावला.

आण्णा मागं चक्कर मारून आले. पायरीवर टेकले. दोनदा छोटं हुंगलं, एकदा मोठं.

"वा!" ते म्हणाले. "मटार!"

मी तोंडात रुमाल कोंबून हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. आणि हसू ओसरल्यावर कढईपाशी बसून राहिलो, कारण आता मला एक गोष्ट माहीत झाली होती जी गावात कुणालाच माहीत नव्हती. ती मी कुणाला सांगितली नाही. आण्णांनाही नाही. म्हातारा रोज सकाळी पेपर हुंगतो, त्याला हुंगू दे, एवढाच विचार केला. त्यात मला थोडी गंमतही वाटत होती, हे कबूल करतो.

ती गंमत पुढच्या उन्हाळ्यात महागात पडली.

आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष जुने पैलवान. कान अजून फुललेले, आवाज आखाड्यातला. त्यांच्या गोठ्यात म्हशी अशा की बाहेरून लोक बघायला यायचे. आमच्याकडं धारोष्ण दुधाचं भारी कौतुक. धारोष्ण म्हणजे म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात, फेसासकट, कोमट असतानाच, न तापवता. तालमीतली पोरं संध्याकाळी गोठ्यापाशी पेले घेऊन रांगेत उभी राहतात. तापवलेलं दूध म्हणजे मेलेलं दूध, असं अध्यक्षांचं ठाम मत होतं. त्यांनी शाळेत मुलांसाठी आठवडाभराचं व्यायाम शिबिर काढलं. सकाळी जोर-बैठका, मग धारोष्ण दूध, दुपारी शाळेतलं जेवण. दूध अध्यक्षांच्या घरचं, फुकट. तीन म्हशी शिंगं रंगवून मैदानात आणून बांधल्या.

आणि दुधाचे तज्ज्ञ म्हणून आण्णांना खुर्ची टाकली.

तो देखावा अजून डोळ्यांसमोर आहे. कोवळं ऊन, घामाघूम पोरं, तीन म्हशी, त्यांच्या पायांत शेण आणि मुताचा चिखल. गडी हात लेंग्याला पुसून धार काढायचा. पहिली चरवी भरली की आण्णांपुढं यायची. आण्णा उठायचे, उपरणं सावरायचे, डोळे मिटायचे. सगळं मैदान गप्प. दोनदा छोटं, एकदा मोठं. "पास!" पोरं टाळ्या वाजवायची. अध्यक्षांचा पुतण्या मोबाईलवर फोटो काढायचा. आम्ही मास्तर लोक चहावाले, त्यामुळे बाजूला कपबशी घेऊन उभे असायचो. मी सगळ्यांच्या मागं उभा राहून गाल आतून चावत हसू दाबायचो. बोंबलाला मटार म्हणणारा माणूस शंभर पोरांचं दूध पास करत होता आणि मला ते मजेदार वाटत होतं. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

चौथ्या दिवशी सकाळी शिबिरात अर्धी पोरं आली नाहीत. ताप, उलट्या, जुलाब. दुपारपर्यंत आरोग्य केंद्रातल्या खाटा भरल्या, मग जमिनीवर सतरंज्या घातल्या. काहींना शौचातून रक्त पडत होतं. तिसरीतल्या दोन चिमुरड्यांना गाडीत घालून सांगलीला हलवलं. त्यातल्या एकीची आई गाडीत बसताना मला म्हणाली, "सर, तुमी व्हता ना तितं?" मी तिची पिशवी गाडीत सरकवली. त्या दोघी बऱ्या होऊन परत आल्या, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. आमचा राहिला होता.

आता गावाला कारण हवं होतं, आणि कारण तयारच होतं: हौसाक्का.

हौसाक्का शाळेत जेवण शिजवायची. अकरा वर्षं. उंच, काळी, डोक्यावरून पदर कधी न ढळलेली बाई, आणि जीभ अशी की हेडमास्तरसुद्धा स्वयंपाकघरात खाकरून शिरत. तिनं आदल्या दिवशी मटकीची उसळ केली होती. उन्हाळा, मटकी, विषबाधा, हिशेब जुळला. अध्यक्षांनी गावाच्या ग्रुपवर संदेश टाकला: उसळीतून मुलांना त्रास, दूध रोज तज्ज्ञांकडून तपासलेले आहे, तरी अफवा पसरवू नयेत. खाली आण्णांचा डोळे मिटलेला फोटो.

हौसाक्काला घरी बसायला सांगितलं. पालकांची बैठक दोन दिवसांनी, तिथं तिला काढायचं आणि दुसरी बाई नेमायची, हे ठरल्यात जमा होतं. पण काढण्यापेक्षा वाईट गोष्ट नळावर घडली. ती घागर घेऊन गेली तेव्हा बायकांनी आपापल्या घागरी मागं ओढल्या. कुणीतरी म्हणालं, लेकरांना विष घालणारी. हौसाक्का रिकामी घागर घेऊन परत आली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या जिभेनं कुणाला एक शब्द ऐकवला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. स्कूटरवरून घरोघर जाऊन त्या वहीत काहीतरी लिहून घेत होत्या, आणि त्यांनी मला हजेरीपट घेऊन बरोबर बोलावलं. प्रश्न दोनच. उसळ खाल्ली का? दूध प्यालं का? पाचवीतली एक पोरगी टुणटुणीत होती. तिनं उसळ दोनदा घेतली होती.

"आणि दूध?" बाईंनी विचारलं.

पोरीनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर मारतील."

"नाही मारणार."

"रोज जास्वंदीला घालत हुते."

चार घरं सोडून दोन भाऊ आडवे झालेले. ते उसळीच्या दिवशी दुपारी मामाच्या लग्नाला गेले होते, उसळ बघितलीसुद्धा नव्हती. दूध मात्र सकाळी दोन-दोन पेले. आम्ही मास्तरांनी उसळ खाल्ली होती, आम्हाला ढेकरसुद्धा वाकडी आली नव्हती. संध्याकाळपर्यंत वही भरली आणि बाईंनी ती मिटून माझ्याकडं बघितलं.

"दूधच आहे. पण तपासणीचा रिपोर्ट यायला चार दिवस लागतील आणि बैठक उद्या आहे. माझ्याकडं वही आहे, अध्यक्षांकडं तुमच्या घरमालकांचं नाक आहे. गाव कुणाचं ऐकेल, सांगा."

मी घरी आलो. आण्णा पायरीवर होते. मी शेजारी टेकलो.

"आण्णा, ते मटार नव्हते."

"कुठले?"

"मागच्या वर्षी. एका गुरुवारी तुम्ही मटार म्हणालात. मी टरफलं मुद्दाम टाकली होती."

आण्णांनी मान वळवली नाही. "मग काय व्हतं?"

"सुके बोंबील."

मला वाटलं, आता रडतील, किंवा मला घराबाहेर काढतील. मग ते सावकाश वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर भयंकर संताप होता.

"गुरुवारी?"

"हो."

"माज्या घरात? बोंबील?"

"आण्णा, मुद्दा तो नाही."

"मुद्दा त्योच हाय! देव काय म्हनला आसंल!" ते उठून उभे राहिले, दोन पावलं चालले, परत येऊन बसले. मग आवाज एकदम खाली आला. "तवापासनं तुमाला म्हाईत हाय?"

"हो."

"आनि तुमी गप बसला."

"बसलो. हसतही होतो. हौसाक्काला उद्या काढतायत, आण्णा. तुमच्या 'पास'वर."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "सातारकर, धक्क्यावर माज्या हाताखाली धा जन व्हते. शिकल्यालं. त्यांना यंत्रं व्हती. साहेब तरी मलाच ईचारायचा, आण्णा, काय म्हनतंय नाक? आता गावात मला ईचारायला हे एवडंच हाय. हे गेलं तर मी कोन? पेन्शनवालं म्हातारं. पायरीवरचं."

मी माझ्या खोलीत गेलो.

बैठक शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. पालक बाकांवर दाटीवाटीनं, अध्यक्ष आणि हेडमास्तर टेबलापाशी, डॉक्टरीणबाई वही घेऊन एका कोपऱ्यात. हौसाक्का दाराजवळ, जमिनीवर बसली होती. बाकावर जागा होती, पण ती बसली नाही आणि कुणी बस म्हणालं नाही.

बाईंनी वही वाचायला सुरुवात केली. जास्वंदीपर्यंत आल्या तेव्हा अध्यक्षांनी हात वर केला.

"बाई, आमी जन्मापासनं धारोष्न पितोय. आमाला कवा काय झालं?"

"तुमच्या पोटाला सवय आहे. लहान मुलांच्या नाही."

"सवय म्हने! आमच्याकडं जानकार मानूस हाय. उभ्या जिल्ह्याचं दूध हुंगल्याला. आण्णा, या पुढं. सांगा, दूध कसं व्हतं?"

आण्णा उठले. उपरणं सावरलं. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं, हा माणूस "पास" म्हणणार. ते टेबलापाशी गेले आणि वर्गाकडं तोंड करून उभे राहिले.

"सांगतो. पन असं न्हाई. माजे डोळे बांधा."

वर्गात हलकीशी कुजबुज झाली. अध्यक्ष खूश झाले, त्यांना वाटलं आता खेळ रंगणार. त्यांनी स्वतःच आपल्या फेट्याच्या शेवानं आण्णांचे डोळे बांधले.

"हौसाक्का," आण्णा म्हणाले, "ऊठ. तुज्या सैपाकघरातनं काय बी आन आनि माज्या नाकाम्होरं धर. काय ते सांगू नगंस."

हौसाक्का उठली. तिचा चेहरा मी बघत होतो. तिला वाटलं होतं, आता हा म्हाताराही आपली चेष्टा करणार, भर बैठकीत. ती गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं, फिनेलमध्ये बुचकळलेलं, ठिबकणारं. पहिल्या बाकावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले. तिनं ते फडकं आण्णांच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरलं आणि ओठ आवळून उभी राहिली.

आण्णांनी मान किंचित मागं घेतली. दोनदा छोटं हुंगलं. मग छाती भरून एकदा मोठं.

"पास!" ते गरजले.

धक्क्यावर शोभेल असा आवाज. मग मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं, आणि हसू आगीसारखं पसरलं, हेडमास्तर खोकण्याचं नाटक करू लागले, आणि त्या गोंधळात आण्णांनी फेट्याचा शेव स्वतःच खाली ओढला, फडकं बघितलं, हौसाक्काकडं बघितलं.

"फिनेल व्हय?" ते म्हणाले. "लय चांगलं निवडलंस."

मग ते वर्गाकडं वळले, आणि हसू आपोआप थांबलं.

"एक वर्स झालं. करोनात गेलं, आलंच न्हाई. मला कायबी वास येत न्हाई. शिबिरातलं दूध मी तपासलं न्हाई. नाटक केलं. लाज वाटली म्हनून सांगितलं न्हाई. ह्या बाईच्या उसळीला बोल लावताना माजं नाव घेऊ नगा. घ्यायचंच तर दुधाला बोल लावताना घ्या."

अध्यक्षांचे फुललेले कान लाल झाले होते. ते काही बोलणार एवढ्यात डॉक्टरीणबाई उठल्या. त्या फार भल्या होत्या आणि त्यांना आण्णांचं सांत्वन करायचं होतं.

"आजोबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं नाक शाबूत असतं तरी काही कळलं नसतं. शेणातून, कासेवरून, हातांतून जे जंतू दुधात जातात, त्यांना वास नसतो. दूध ताजंच असतं, गोडच लागतं. ते उकळायचं, एवढाच उपाय."

आण्णांचा चेहरा असा झाला, जणू फिनेल आता कुठं नाकाला लागलं.

"म्हंजे... नाक आसतं तरी?"

"तरीही नाही."

"धक्क्यावर बी?"

"तिथंही नाही. म्हणूनच तर डेअरीत दूध नंतर तापवतात."

"बाई," आण्णा अत्यंत दुखावल्या आवाजात म्हणाले, "गेल्यालं मानूस बी लोक बरंच म्हनून पोचवत्यात. तुमी गेल्यालं नाक बी सोडंना व्हय!"

या वेळी वर्ग हसला तो वेगळा हसला. बायका हसल्या. आणि दाराशी, फडकं अजून हातात धरून, हौसाक्का हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

अध्यक्ष पैलवान होते, चीत झाल्यावर उठून हात मिळवायची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी टेबलावर हात टेकले आणि म्हणाले, "हौसाक्का, चुकलं आमचं. दूध इथनं पुढं तापवूनच. तुमी उद्यापासनं या कामाला."

"उद्या न्हाई," हौसाक्का म्हणाली.

"का?"

"उद्या मी सुट्टीवर हाय. दोन दिस तुमी बसवलं म्हनून बसले. एक दिस माज्या मर्जीनं बसनार. परवा येते."

फडकं बादलीत टाकून ती सरळ चालती झाली. दाराबाहेर तिच्यासाठी दोन बायका थांबल्या होत्या, नळावरच्याच. ती त्यांच्याशी न बोलता पुढं गेली, पण चाल मंद ठेवली, म्हणजे त्यांना गाठता येईल.

आता प्रश्न उरला उद्याच्या जेवणाचा. बरी झालेली पोरं शाळेत येणार होती. आण्णा म्हणाले, मी करतो, माझ्यामुळं बाई बसली. मी म्हणालो, मी मदत करतो, माझ्यामुळंही बसली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही दोघांनी शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात खिचडी चढवली. अर्ध्या तासानं मीठ कमी आहे असं लक्षात आलं आणि मी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानाकडं निघालो. आण्णांना सांगितलं, ढवळत राहा. आण्णा ढवळत राहिले. वरवर.

परत येताना शाळेच्या फाटकापासून बरीच अलीकडं मला कळलं. करपलेल्या भाताचा आणि डाळीचा तो वास रस्त्यावर उभा होता. समोरून हौसाक्का येताना दिसली. सुट्टीवरची हौसाक्का, चांगलं लुगडं नेसलेली, पायांत चपला, तिच्या घरापासून इथपर्यंत चालत आलेली. मी काही बोलायच्या आत ती फाटकातून आत शिरली. मी धावत दारापर्यंत पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती आणि पातेल्यातून वाफेबरोबर धूर येत होता. आण्णा मोठ्या समाधानानं ढवळत होते.

"सरका आण्णा," तिनं त्यांच्या हातातला डाव काढून घेतला, गॅस बंद केला, डाव तळापर्यंत घातला. तो वर आला तेव्हा काळाकुट्ट होता. आण्णांनी डावाकडं बघितलं, मग पातेल्याकडं, मग तिच्याकडं. रिकामे हात त्यांनी बंडीला पुसले.

"लय करपलं का गं?" त्यांनी हळूच विचारलं. "वास येतोय व्हय?"

सगळी शाळा करपलेल्या खिचडीनं भरली होती. वर्गातली पोरं नाकं धरून खिडकीत गोळा झाली होती. हौसाक्कानं एकदा खिडकीकडं असं बघितलं की पोरांनी नाकावरचे हात खाली घेतले.

"न्हाई वो," ती म्हणाली. "वाईच."